बर्फाला घाम फुटेपर्यंत

मावशींचा उजवा तळहात म्हणजे थर्मामीटर, असं आरोग्य केंद्रात सगळे म्हणत. केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर तर रोज परीक्षाच घ्यायचा. चहाचा कप त्यांच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "सांगा मावशी, किती?" मावशी कप क्षणभर धरायच्या. "अठ्ठावन्न. पी आता, जीभ भाजायची नाही." मग तो खिशातून एक जुना थर्मामीटर काढून चहात बुडवायचा, आणि अंश-दोन अंशांचा फरक निघाला की दिवसभर बोंब ठोकत फिरायचा, "आज मावशी हुकल्या हो!"

मावशी लसींचा फ्रिज सांभाळायच्या. सत्तावीस वर्षं हेच काम. लहान मुलांच्या लसी दोन अंशांच्या खाली जाता कामा नयेत आणि आठच्या वर चढता कामा नयेत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आकडा बघायचा, फ्रिजच्या दाराला टांगलेल्या तक्त्यात लिहायचा आणि खाली सही करायची. एवढ्यावरून नाव पडलं होतं, दोन-आठ मावशी. नव्या नर्सना तर त्यांचं खरं नाव माहीतही नव्हतं.

घरी नवरा होता. घड्याळं दुरुस्त करायचा, आता डोळ्यांना झेपत नाही म्हणून फक्त घरातली चार घड्याळं एकमेकांशी जुळवत बसायचा. एकाच्या हातात काटे आणि दुसरीच्या हातात पारा, असा तो संसार. तो शेजाऱ्यांना सांगायचा, "मला ताप आला तर हिचा हात कपाळावर यायला संध्याकाळ होते. फ्रिजच्या दारावर मात्र दिवसातून दहा वेळा!"

"फ्रिज तक्रार करत नाही," मावशी म्हणायच्या.

हे सगळं हसण्यावारी. पण फ्रिज त्या तळहाताच्या फोडासारखा जपत, त्याला कारण होतं, आणि ते त्या फार कुणाला सांगत नसत. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांचा धाकटा भाऊ घटसर्पाने गेला. घशात राखाडी पडदा धरला, मान सुजली, आणि तीन दिवसांत खेळ संपला. आईने त्यांना खोलीत येऊ दिलं नव्हतं. दाराच्या फटीतून त्याच्या श्वासाचा आवाज यायचा, ओल्या लाकडावर करवत फिरावी तसा. पुढे नोकरीच्या पहिल्याच दिवशी थोरल्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक छोटी कुपी ठेवली आणि म्हणाले, "ही घटसर्पाची. हिला सांभाळायचं." मावशींनी ती मुठीत धरली, तर डॉक्टर ओरडले, "अहो, गरम कराल तिला!" तेव्हापासून कुपी कशी धरायची ते त्या शिकल्या. दोन बोटांच्या चिमटीत, मानेपाशी.

या सत्तावीस वर्षांत त्यांनी घटसर्पाचा एकही रोगी पाहिला नाही. फ्रिज चालला होता, त्याचीच ती पावती.

मग युद्ध आलं.

आधी ते दूर होतं, बातम्यांत. नंतर नदीपर्यंत आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. नदीच्या अलीकडे एक बाजू, पलीकडे दुसरी, आणि मधल्या पुलावर दोघांच्याही चौक्या. गोळ्या लागून आलेली माणसं मोठ्या इस्पितळात जायची, त्यामुळे केंद्रात रक्त फारसं दिसलं नाही. तिथे युद्ध दिसलं ते विजेच्या रूपाने. दिवसातून चार तास वीज. पाण्याची टाकी अर्धी. दोन नर्स गाव सोडून गेल्या. लसींचा माल महिन्याने यायचा तो चार महिन्यांनी, तोही निम्मा. मावशींच्या फ्रिजच्या आतल्या भिंतींत बर्फ धरलेला असायचा, त्यामुळे वीज गेली तरी दिवसभर तग लागायचा. तरी त्या डोळ्यांत तेल घालून बसायच्या. तक्त्यात दिवसाला दोन आकडे असायचे, तिथे बारा झाले. समासातही आकडे.

"मावशी, हा तक्ता आहे की ज्ञानेश्वरी?" तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या केंद्रात आल्याला दीड वर्ष झालं होतं, त्यातले चौदा महिने युद्धातच गेले होते.

"वाचायला पुण्य लागतं, बाई," मावशी म्हणाल्या.

मावशींची एकुलती एक लेक नदीपलीकडे दिलेली होती. लग्नात नवरा कौतुकाने सांगायचा, "पूल ओलांडला की लेकीचं घर. इथून सूप पाठवलं तर गरम पोचेल." आता सूप सोडा, निरोपही पोचत नव्हता. पूल बंद झाला तेव्हा लेकीला पाचवा महिना होता. बाळंतपण तिकडेच झालं, कुणा शेजारणीच्या हातून. मुलगी झाली. घराचं छप्पर उडालं तशी सगळी तिथल्या शाळेत राहायला गेली. एका वर्गात दहा-दहा कुटुंबं. फोनला कधीमधी रेंज यायची, तेव्हा एक फोटो आला होता. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ, डोळे घट्ट मिटलेले, ओठांचा चंबू. मावशी त्या फोटोला पिटुकली म्हणायच्या. चार महिन्यांची झाली होती पिटुकली, आणि आजीने तिला बोट लावलं नव्हतं.

शिवाय तिला एकही लस मिळालेली नव्हती. घरात सगळे "बाळ कसं आहे" म्हणून विचारायचे. मावशींच्या मनात मात्र तो रिकामा तक्ता असायचा. दीड महिना, अडीच, साडेतीन. तिन्ही रकाने कोरे.

एका सोमवारी डॉक्टरीणबाई फोन ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"मावशी, पलीकडच्या शाळेत घटसर्प आहे. चांभाराची सहा वर्षांची मुलगी गेली परवा. आणखी दोघं आजारी आहेत. मी हा रोग फक्त पुस्तकात बघितलाय हो."

मावशींनी फ्रिजच्या दारावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मदत करणाऱ्या लोकांनी दोन्ही बाजूंशी बोलणी करून एक सवलत मिळवली. गुरुवारी सकाळी दहा ते चार पूल उघडेल, फक्त केंद्राच्या गाडीसाठी. गाडीत तिघं, नावं आधी कळवलेली: डॉक्टरीणबाई, ड्रायव्हर, मावशी. आजाऱ्यांसाठी औषध आणि बाकीच्या मुलांसाठी लस. मावशींनी घटसर्पावरच्या त्रिगुणी लशीच्या चोवीस कुप्या बाजूला काढल्या. एका कुपीत दहा मुलांची लस. अलीकडच्या मुलांसाठी ठेवून तेवढ्याच निघत होत्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. लस न्यायची पेटी असते, तिच्या चारी बाजूंना गोठवलेले आइसपॅक लावतात. पण ते फ्रीजरमधून काढले की लगेच लावायचे नसतात. टेबलावर मांडून ठेवायचे आणि थांबायचं. अर्धा तास, पाऊण तास. वरचा पांढरा थर जातो, पॅकला घाम फुटतो, आणि कानाशी धरून हलवला की आत पाणी खळखळतं. तेव्हाच तो पेटीत घालायचा. कोरडा, कडक पॅक उणे पंधराचा असतो. त्याला टेकून बसलेली कुपी गोठते, आणि ही लस एकदा गोठली की मेली. वितळली तरी मेलीच. उन्हाने बिघडली तर कुपीवरची चौकट रंग बदलते. पण ती चौकट उन्हाची चुगली करते, थंडीची करत नाही. गोठलेली कुपी वरून अगदी निरागस दिसते.

मावशींनी हे किती नर्सना शिकवलं असेल! "बर्फाला घाम फुटू द्या, मग तुम्हाला फुटणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळ्यांना पाठ.

त्या गुरुवारी आइसपॅक साडेआठला काढायचं त्यांनी ठरवलं होतं. पावणेआठला फोन आला. वेळ बदलली. पूल आठला उघडणार, दोनला बंद होणार. आत्ताच्या आत्ता निघा.

"मावशी, चला!" ड्रायव्हरने गाडी चालूच ठेवली होती.

मावशींनी फ्रीजर उघडला. वाफ आली. आइसपॅक दगडासारखे. बाहेर त्या वेळीही ऊन चटके देत होतं. चौकीवर तीन तास थांबवलं तर? चार तास थांबवलं तर? पेटी उन्हात, आणि आत पिटुकलीची लस. थोडं जास्त गार झालं तर बिघडलं कुठे, गरम व्हायला नको. त्यांच्या हातांनी चार पॅक लावले. आणखी दोन वर ठेवले. आणि एक उगाच, खात्रीसाठी. सत्तावीस वर्षांत जे एकदाही केलं नाही ते त्यांनी तीन मिनिटांत केलं, आणि करताना त्यांना वाटत होतं की आपण आज नेहमीपेक्षा जास्त काळजी घेतोय.

चौकीवर खरोखरच तीन तास गेले. अलीकडच्या शिपायांनी गाडीतली गादी उसवून बघितली, पलीकडच्यांनी ड्रायव्हरचा जुना थर्मामीटर जप्त केला.

"हे काय आहे?"

"चहाचं आहे साहेब," ड्रायव्हर म्हणाला. शिपायाला ते पटलं नाही.

मावशी शाळेत पोचल्या तेव्हा अकरा वाजले होते. पटांगणात रांग लागलेली. रांगेच्या टोकाला लेक उभी होती, कडेवर पिटुकली. लेक वाळून काटकी झाली होती. मावशींना बघून तिने पाऊल उचललं, पण रांग सोडली नाही. पिटुकली आईच्या वेणीचं टोक चोखत होती. फोटोतल्यापेक्षा मोठं कपाळ, आणि डोळे चक्क उघडे.

"घे ना आई," लेक म्हणाली आणि बाळ पुढे केलं.

मावशींनी हात पुढे नेले आणि मागे घेतले. रस्ताभर पेटीवर धरून ते बर्फ झाले होते. "थांब, हात गार आहेत. दचकेल ती. आधी पेटी उघडते."

वर्गातल्या बाकावर त्यांनी पेटी उघडली. आतल्या थर्मामीटरचा काटा उणे दोनवर होता.

क्षणभर त्यांना आकडा वाचताच येईना. मग त्यांनी कडेची एक कुपी काढली. आत बर्फाचा खडा होता.

"बाई," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की डॉक्टरीणबाईंना जवळ यावं लागलं. "मी घाम फुटू दिला नाही."

डॉक्टरीणबाईंना समजायला थोडा वेळ लागला. "सगळ्या गेल्या?"

"माहीत नाही. मधल्या वाचल्या असतील. बघावं लागेल. अर्धा तास द्या."

बघायची एक रीत आहे. जी कुपी नक्की गोठलेली आहे ती वितळू द्यायची, हलवायची, आणि दुसरी तिच्याबरोबर हलवून शेजारी ठेवायची. मेलेल्या लशीचा गाळ भराभर तळाशी बसतो, वर पाणी निवळतं. जिवंत लस दुधट राहते, सावकाश बसते. मावशींनी ती बर्फाची कुपी मुठीत घट्ट धरली. सत्तावीस वर्षांत दुसऱ्यांदा. मग एकेक कुपी तिच्याशी ताडून बघत, खिडकीच्या उजेडात बाकावर मान खाली घालून बसल्या. डॉक्टरीणबाई आजाऱ्यांना औषध देऊन आल्या, तोवर दाराशी आया गोळा झाल्या.

"काय चाललंय? टोचत का नाहीत?"

मावशी उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई सांगायला लागल्या होत्या, पण मावशींनी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं.

"लस वाटेत गोठली. पेटी मी भरली, चूक माझी. चोवीसांतल्या नऊ कुप्या चांगल्या आहेत. नव्वद मुलांना पुरतील. बाकीच्या फेकायच्या."

"सत्तावीस वर्षं काय बर्फाचे गोळे विकत होतात का?" मागून एक पुरुषी आवाज आला. मावशींच्या नोकरीची वर्षं त्याला कुणी सांगितली कोण जाणे. लेकीनेच सांगितली असणार, कौतुकाने.

एक आई पुढे आली, पोटाशी दोन वर्षांचं मूल. "मावशी, फेकू नका हो. तीच टोचा. विषारी तर नाही ना झाली? काहीच नसण्यापेक्षा बरं."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. टोचता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, दंडावर डाग तोच दिसला असता. "नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "काहीच नसण्यापेक्षा ते वाईट. टोचलं म्हणून तू निर्धास्त होशील. रात्री पोराचा घसा बघायची नाहीस. नाही टोचलं तर बघशील."

त्या आईने मुलाच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि तिथल्या तिथे त्याला तोंड उघडायला लावलं.

रोग पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात होता. आधी ती मुलं, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. लेक या शाळेतली यादी लिहायची, तिनेच वही आणली. दोन्ही वर्गांत मिळून मुलं त्र्याण्णव. तिघं तिथेच उरत होती. लेक तिसऱ्या वर्गात राहायची.

लेकीने वही मिटली. "एक, आई," ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. "एकच."

मावशींनी मिटलेल्या वहीकडे बघितलं. लेकीला आकडा माहीत होता. तो तिनेच मोजला होता. मग लेकीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "चल गं, आपला नंबर पुढच्या खेपेला. तोवर तुझी आजी बर्फ वितळवतेय." आणि वळून गेली. तिची पाठ बघून मावशींना कळेना, ती रागावलीय की रडतेय. दोन्हीही असेल.

दीड वाजता निघावंच लागलं. परतताना पुलावर ड्रायव्हर म्हणाला, "अति तिथे माती, मावशी. पण तुम्ही वाईटासाठी नाही केलं."

"कुपीला ते कळत नाही रे."

केंद्रात आल्यावर अहवाल लिहायचा होता. 'कारण' या रकान्यात डॉक्टरीणबाई 'युद्धजन्य परिस्थिती' लिहिणार होत्या. मावशींनी पेन घेतलं आणि लिहिलं: आइसपॅकला घाम फुटण्याआधी पेटी भरली. खाली सही केली.

"मावशी, अहो, वेळ बदलली त्यांनी. युद्ध नसतं तर तुम्ही असं केलं असतं का?"

"नसतं केलं. तेही लिहा हवं तर. पण हे खोडू नका. पुढची जी कोणी येईल, तिला हे कळायला हवं."

मदत करणाऱ्यांनी धावपळ करून पाठवलेल्या नवीन कुप्या मंगळवारी आल्या. पुढचा गुरुवार ठरला. तोवर मावशींचा जीव टांगणीला. नवऱ्याने चहा दिला तर त्यांनी कप हातात धरून ठेवला, आणि किती अंश ते सांगितलंच नाही.

"अगं, विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. किती?"

"गार झालाय," मावशी म्हणाल्या. त्याने तो परत गरम करून आणला. चहा हातात देऊन तो शेजारी बसला, आणि त्यांच्या कपाळावर आपला हात ठेवला. "मला नाही बुवा समजत यातलं काही," तो म्हणाला, पण हात काढला नाही.

बुधवारी लेकीचा निरोप आला, तुटक. तिसऱ्या वर्गात एका मुलाचा घसा धरलाय. पिटुकली बरी आहे. दूध पिते. घसा रोज बघते. चमच्याने.

मावशींनी तो निरोप सात वेळा वाचला. आठव्यांदा 'चमच्याने' याच शब्दावर थांबल्या. चार महिन्यांच्या बाळाचा घसा चमच्याने बघायचा म्हणजे लेकीचा हात किती हलका असेल.

गुरुवारी त्या सहालाच केंद्रात आल्या. पूल नऊला उघडणार होता. वीज आली ती पहाटे पाचला, म्हणजे आइसपॅक मध्यरात्रीपासून मऊ पडून नुकते कुठे पुन्हा धरत होते. ते साडेसातच्या आत काढले तर पुरेसे गोठलेले नसणार, म्हणून मावशींनी साडेसातलाच काढले. टेबलावर ओळीने मांडले, मधे बोटभर जागा ठेवून. आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

पावणेआठला फोन वाजला.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. त्यांचा चेहराच सांगत होता. "मावशी, आठला उघडतोय. बाराला बंद. चारच तास."

बाहेर ड्रायव्हरने गाडी चालू केली. मावशींनी एक पॅक उचलला, कानाशी नेला, हलवला. आवाज नाही. वरचा पांढरा थर तसाच.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

आठ वाजले. हॉर्न वाजला. मावशींनी दुसरा पॅक उचलला. नाही. त्यांचे दोन्ही हात पेटीकडे जायला बघत होते. त्यांनी ते मांडीखाली घेतले आणि त्यावर बसल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. तिसरा वर्ग. धरलेला घसा. चमचा. दाराची फट, आणि ओल्या लाकडावर फिरणारी करवत.

"मावशी, उशीर झाला तर पूलच मिळायचा नाही!" ड्रायव्हर आत आला. टेबलाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि दारातच उकिडवा बसला. "दुधाने तोंड पोळलं, आता ताक फुंकताय."

"फुंकतेय. तूही फुंक."

त्याने खरोखरच गाल फुगवून आइसपॅकवर फुंकर मारली. डॉक्टरीणबाई हसल्या, मग त्यांनी टेबलावरचं घड्याळ पालथं करून ठेवलं. तिघं तिथे बसून राहिली. गल्लीत कुणीतरी बादली ओढत नेत होतं. कुठेतरी लांब एक दणका झाला, खिडकीची काच थरथरली, आणि कुणीच उठलं नाही.

आठ वाजून बावीस मिनिटांनी पहिल्या पॅकवर एक थेंब जमला. मग दुसरा. पांढरा थर विरत गेला, पाठ ओली झाली. मावशींनी पॅक कानाशी धरून हलवला. आत, अगदी तळाशी, खळखळ झाली. त्यांनी तो ड्रायव्हरच्या कानाशीही नेला.

"ऐक."

"ऐकलं, मावशी. चला आता!"

त्यांनी प्रत्येक पॅक तसाच ऐकला. सगळ्यांना घाम फुटला तेव्हाच ते पुसून लावले, कुप्यांभोवती पुठ्ठा गुंडाळला आणि झाकण दाबलं.

या वेळी चौकीवर शिपायांनी लवकर सोडलं, कुणास ठाऊक का. एकाने विचारलं, "तो चहावाला थर्मामीटर परत हवाय का?" आणि खिशातून काढून दिला. तरी शाळेत पोचायला सव्वादहा झाले. परतीसाठी साडेअकराला निघायचंच होतं. मावशींनी पेटी उघडली. काटा पाचवर. त्यांनी तो डॉक्टरीणबाईंना दाखवला, मग रांगेतल्या पहिल्या आईलाही दाखवला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिने मान हलवली.

तिसऱ्या वर्गापासून सुरुवात झाली. आधीची तीन उरलेली मुलं मधे घातली. मावशी कुप्या काढून देत होत्या, डॉक्टरीणबाई टोचत होत्या, लेक यादीवर खुणा करत होती. वर्गभर रडण्याचा नुसता कल्लोळ. मावशींना वाटलं, चौदा महिन्यांत इतका छान आवाज ऐकला नाही. ठणठणीत, मोकळ्या घशाचा.

पिटुकलीचा नंबर एकेचाळिसावा. सुई लागली तशी तिने आधी आश्चर्याने आजीकडे बघितलं, जणू विचारतेय की ही तुमची माणसं का, आणि मग असा सूर लावला की ड्रायव्हर गाडीतून उतरून बघायला आला.

"घसा बाकी आजीवर गेलाय!"

शेवटच्या मुलाला टोचून झालं तेव्हा साडेअकराला सहा मिनिटं होती. मावशी बाहेर आल्या. लेक मागोमाग आली. "आता तरी घेशील की अजून हात गारच आहेत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात गेल्या गुरुवारचं थोडंसं उरलं होतं, पण थोडंसंच.

हात गारच होते. मावशी गाडीपाशी गेल्या. उन्हात तापलेल्या बॉनेटवर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले, चटका बसला तरी काढले नाहीत. एकदा पालथे, एकदा उताणे. मग गालाला लावून बघितले. लेक बघत होती. तिला एकाएकी हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आई, घाम फुटेपर्यंत थांबणार आहेस का?"

"आता फुटलाच," मावशी म्हणाल्या, आणि हात पुढे केले.

पिटुकली हुंदके देत त्यांच्या खांद्यात शिरली. वजन किती, तर दहा आइसपॅकांपेक्षा थोडं जास्त वाटलं. मावशींनी तळहात तिच्या पाठीवर ठेवला, मग मानेवर, मग कपाळावर, आणि तिथेच ठेवून डोळे मिटून घेतले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला हात नेला आणि डॉक्टरीणबाईंनी तो धरला. पाच मिनिटं त्यांनी मोजून दिली.

संध्याकाळी घरी नवरा चारही घड्याळं टेबलावर मांडून बसला होता. दार वाजलं तसा उठला. विचारायचं बरंच काही होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "कशी आहे?"

मावशींनी चप्पल काढली. उजवा तळहात उघडून बघितला, जणू तिथे लिहून आणलं होतं.

"साडेछत्तीस," त्या म्हणाल्या. "थोडी वर असेल, पण ते रडली म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे छान आहे हो," मावशी म्हणाल्या, आणि तोच तळहात त्याच्या हातात दिला.